घोरून राहिला

आमच्याकडे क्रियापद असंच चालतं.
येऊन राहिला, जेवून राहिला, हसून राहिला बे.
पुण्याचा एक सहकारी म्हणतो,
तुमच्या नागपुरात कुणी काही संपवतच नाही का?
जो तो आपला राहिलेला.

त्या रात्री चेतन घोरून राहिला होता.

मे महिना. मानेवाड्याची वरची खोली.
दिवसभराचं ऊन छत रात्री परत करत होतं.
कुलरमध्ये मी दोन बादल्या ओतल्या,
ओल्या खसचा वास सुटला
आणि पत्र्याची ती घरघर,
जिच्यात घरमालकाच्या शिव्याही ऐकू येत नाहीत.

एम-थ्री निघाला होता त्याचा, चौथ्या खेपेला.
आधी बिअर. मग बंटीने आणलेला खंबा.
मग दहाच्या नोटेत गुंडाळलेल्या गोळ्या,
कुणाच्या तरी काकूच्या चिठ्ठीवरच्या, झोपेच्या.
"दारू वेगळी, गोळी वेगळी," बंटी म्हणाला.
पोटात काय दोन खोल्या असतात,
असं कुणी विचारलं नाही.
मी त्या वेळी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होतो.

एक आणि एक दोन होतील असं वाटलं असेल त्याला.
गणित नुकतंच सुटलं होतं.

दारू म्हणाली, हळू.
गोळी म्हणाली, अजून हळू.
आत कुणीतरी असतो, न सांगता श्वास घेणारा,
जन्मापासून एक सुट्टी न घेतलेला.
दोघी त्याच्या एकाच कानाशी लागल्या.

आम्ही त्याला उताणा निजवला.
डोक्याखाली माझीच उशी दिली, नीट करून.
मायेने केलं ते. हे लिहून ठेवतो,
कारण पुढचं सगळं त्या मायेतूनच झालं.

व्हिडिओ आहे माझ्याकडे. सतरा सेकंदांचा.
"ऐका बे, ट्रॅक्टर सुरू झाला."
नवव्या सेकंदाला ट्रॅक्टर थांबतो.
चौदाव्याला पुन्हा लागतो, खोल चिखलातून निघाल्यासारखा.
मधले पाच सेकंद
आम्ही हसून राहिलो.

एकशे आठचा नंबर तिघांनाही पाठ होता.
पण पोलीस, पण घरमालक, पण गोळीबार चौकातले त्याचे बाबा.
"सकाळी उतरते," बंटी म्हणाला.
सहा वाजता कुलरचं पाणी संपलं होतं,
कोरडा पंखा नुसता वाजत होता
आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता.

मेडिकलच्या कॅज्युअल्टीत कोडापे सिस्टर म्हणाल्या,
"काय काय घेतलं होतं? मी पोलीस नाही."
बंटी म्हणाला, फक्त बिअर.
तेव्हासुद्धा. फक्त बिअर.
मी फरशीकडे बघत गोळीचं नाव सांगितलं.
"घोरत होता?"
हो.
त्यांनी पेन खाली ठेवला.
"ते घोरणं नव्हतं, बाळा."

तेराव्याला डेकाटेकाका माझ्याजवळ येऊन बसले.
चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस.
म्हणाले, पॉवरलूमच्या खडखडाटात झोपतो मी,
एक धागा तुटला त जाग येते.
मला बोल लावायचा नव्हता त्यांना.
स्वतःच्या कानांबद्दलच सांगत होते,
जे त्या रात्री चार मैल दूर होते.
मग उठता उठता म्हणाले,
"तुम्ही त बाजूलेच होते ना."

आता बेसाला राहतो. बायको, मुलगी, मोठा कुलर.
लग्नकार्यात कुणी पिऊन पडला
की मी त्याला कुशीवर वळवतो,
पाठीशी लोड लावतो, आणि जेवायला जात नाही.
कुणी मिक्स केलं म्हणालं, की गाडीची किल्ली काढतो,
शिव्या नंतर खातो. किती तरी खाल्ल्या.

आणि रात्री दोनच्या सुमाराला, उन्हाळाभर,
उठून कुलर बंद करतो.
घर एकदम उघडं पडल्यासारखं होतं.
"काहून बंद केला जी? उकडून राहिलं."
थांब थोडं.
ऐकून राहिलो.