लोखंडावर ओरडतं

सहा हजार पँटच्या खिशात,
पाचशे वेगळे, मोज्यात.
मोज्यातले म्हणजे टेम्पो, पोहे आणि इज्जत.
पिशवीत माझे साक्षीदार:
एक रुपया, कुलूप हरवलेली पितळी चावी,
बायकोनं दिलेलं एक चांदीचं जोडवं
(“परत आणा,” दोनदा),
आणि व्हॉल्व्हच्या झाकणाचा फुटका तुकडा,
बिडाचा, मुठीएवढा.

लोहिया बाजारात, मागच्या बोळात,
गिरवर राठौरकडे तीन यंत्रं होती.
पहिल्याचा पडदा इतका देखणा
की वाटलं, यात सिनेमाही लागेल.
बॅटरीचं झाकण उघडलं. आत हिरवं साचलेलं,
न घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखं.
लावून टाकलं. बोललो नाही काही.
दुसऱ्याची थाळी दांडीवर डुगडुगत होती,
पडायला आलेल्या दाढेसारखी.
वायरीला काळी पट्टी, तिच्यावर लाल पट्टी.
पट्ट्या कशाला, विचारलं,
तर म्हणे मजबुतीला.

तिसरं कोपऱ्यात, गोणपाटात.
दाम नऊ हजार.
आधीचा मालक मुरैन्याकडचा,
तीन वर्षं घळी तुडवत होता
कुणाच्या तरी पुरलेल्या हंड्यासाठी.
सापडलं काय? ट्रॅक्टरच्या पिना, घोड्याची नाल,
काडतुसांची टरफलं,
आणि शेवटी, बायको माहेरी गेल्याची चिठ्ठी.
ती मात्र यंत्राशिवाय सापडली.

दुकानात चालू केलं की ते पिसाळायचं.
वर ट्यूबलाइट, खाली पत्र्याचं काउंटर,
भोवती अख्खा बाजारच लोखंडाचा.
म्हटलं, बाहेर चला, मातीत.
राठौर कंटाळला, पण आला,
चहाचा ग्लास घेऊन, निंबाखाली.

एकेक साक्षीदार ठेवत गेलो.
रुपया: टुं.
चावी: टुं.
जोडवं: टुं, जरा लाजून.
बिडाचा तुकडा ठेवला
आणि ते असं बोंबललं
की निंबावरचे पोपट उडाले.

राठौरचं तोंड उतरलं.
“यही ऐब है इसमें, बाबूजी.
लोहा छाँटता नहीं. कील पे भी रोता है.”
बटण फिरवून दाखवलं, इकडे सोनं, तिकडे लोखंड,
मधला काटा मेलेला.
गिऱ्हाइकाला लोखंड गाळून हवं असतं,
म्हणून दोन वर्षं हे इथं पडून.

मी चेहऱ्यावर निराशा आणली,
लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे आणतात तशी.

सोनं कुणाला हवं होतं?
मला हवे होते जनकगंजातले व्हॉल्व्ह,
डांबराच्या तीन थरांखाली गेलेले.
कुठला कुठे, ते फक्त मनोहर वाघमोड्याला ठाऊक.
“हलवायाच्या पायरीपासून सात पावलं, मग तिरका.”
नकाशा त्यानं कधी काढला नाही.
म्हणायचा, कागद भिजतो.
फाल्गुनात तो गेला.
तेव्हापासून गळती लागली की आम्ही
चार ठिकाणी रस्ता फोडतो
आणि पाचव्या ठिकाणी शिव्या खातो.

“साडेचार,” म्हटलं. “माल बिघडलेला आहे.”
“आठ.”
पिशवी उचलली. चार पावलं चाललो,
चौथं जरा हळू.
पाच हजार चारशेवर तोडलं.
हेडफोन फुकट मागितला,
एकाच कानाचा मिळाला.

रात्री दहानंतर, गाड्या थांबल्यावर,
हलवायाच्या पायरीपासून निघालो.
त्याची सात पावलं. पण मनोहर बुटका होता.
माझ्या सहाव्यालाच
उजव्या कानात कुणीतरी केकाटलं.
थाळी मागे घेतली, पुन्हा आणली.
पुन्हा तिथंच.
वरच्या खिडकीतून एक पोरगा:
“सोना मिला क्या, अंकल?”

खडूनं गोल काढला, खाली वाकून,
आणि वाकल्या वाकल्याच आठवलं:
पिशवीत रुपया आहे, चावी आहे, तुकडा आहे.
जोडवं निंबाखाली.