तंगूस

पहाटेची सुकती.
खाडीच्या तोंडाशी मी पालथी,
कोपरांखाली गोणपाट, लेन्सखाली आईचा बिडाचा तवा.
कान तुटल्यापासून आंबोळ्यांना नको झालेला,
चिखलावर मात्र लोण्यासारखा सरकतो.

उस्मानभाई म्हणाले होते,
"उभी राहून काढतेस, म्हणून तुझे पक्षी
तहसीलदाराकडे अर्ज घेऊन आल्यासारखे दिसतात.
खाली उतर."
उतरले. केळशीच्या चिखलाला
आत्ता माझा वास येत असेल.

दापोलीत, मुकादमांच्या चष्म्याच्या दुकानामागे
दर बुधवारी शटर अर्धं ओढून
आम्ही पाच जण एकमेकांचे फोटो सोलतो,
कोळंबी सोलावी तसे:
डोकं, साल, पाठीतला काळा दोरा.
वृंदा खांबेटे क्षितिजाला फूटपट्टी लावते,
"तुझा समुद्र डावीकडे सांडतोय."
सुहास गुजर एवढंच म्हणतो,
"चोचीपुढे जागा सोड, त्याला जायचंय कुठेतरी."
पहिल्या वर्षी मी परतीच्या एसटीत रडायचे.
आता वही नेते.

तो सव्वासहाला आला.
लाल पायांचा टिलवा, एकटा,
पाण्यातल्या स्वतःच्या चोचीला चोच टेकवत.
तवा थांबला, मी थांबले.
अठरा फ्रेम. त्यातल्या एकीत
डोळ्यात उजेडाचा तांदूळ,
आणि उचललेल्या पायाच्या बोटावरून
सुटू की नको करणारा थेंब.

घरी मोठा करून पाहिला, तेव्हा
त्याच पायाला, सांध्याच्या वर, तंगूस.
दोन वेढे आणि लोंबतं शेपूट.
कुणाच्या तरी जाळ्यातलं,
मासा नाही, हा घेऊन आलेलं.

बुधवारी दाखवला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
आमच्यात यापरतं कौतुक नाही.
मग उस्मानभाई, "तेवढा दोरा काढ.
नजर तिथेच अडकते."

काढला. शेजारच्याच चिखलाची चिमूट उचलून
वर ठेवली, कडा पुसल्या.
पाय इतका लाल, इतका मोकळा
की मलाही खरं वाटलं.
प्रिंट काढली, पोस्टातल्या माझ्या टेबलाच्या
काचेखाली सरकवली,
व्याजदराच्या तक्त्याशेजारी.

द्वारकाबाई रघुवीर हप्ता भरायला आल्या.
ओल्या बोटांनी नोटा मोजता मोजता थांबल्या.
"हा माझ्या शेजारचा.
मी मुळे काढते ना, तिथेच असतो.
दिवाळीपासून तो पाय टेकत नाही."
मग काचेवर वाकून, एकदम उजळून,
"सुटला गो! कोणी सोडवला?"

मी शिक्का मारला. तारीख उलटी पडली.
"नाही सुटला," म्हटलं, "मी पुसला."
त्यांनी पासबुक पदराला पुसलं,
पिशवीत घातलं, पिशवी काखेत.
"पुसता येतो होय?
मग माझा गुडघा पण बघ एकदा."

पुढल्या बुधवारी मी मूळ फोटो नेला,
दोन वेढे आणि शेपटासकट.
वृंदा म्हणाली, अडकते गं नजर.
म्हटलं, अडकू दे.
सुहास म्हणाला, मग स्पर्धेला दुसरा पाठव.
वाद चालला. चहा आला, निवला, साय धरली.
उस्मानभाईंनी स्वतःचा चष्मा काढला,
दुकानातला एक जाड नंबरचा चढवला,
पडद्याला नाक लावून त्या पायापाशी
इतका वेळ राहिले
की बाहेर शेवटच्या गाडीचा हॉर्न झाला.

"राहू दे," म्हणाले.
आणि दाराशी, चपला शोधताना,
"क्षितिज मात्र अजून सांडतंय."

तेवढं मी सरळ केलं.