तीन सूत

दुकानात दांडी मिळते ती मिलिमीटरची.
नऊची घातली तर खुर्चीच्या पायात डुगडुगते,
दहाची ठोकली तर पाय फाटेल.
भोक जुन्या इंचांचं,
हाय विकमच्या कुठल्याशा बंद कारखान्यातलं.
त्या कारखान्याच्या जागी आता
मोटारी धुऊन मिळतात.

घराबरोबर आलेली ही खुर्ची.
आधीच्या माणसांनी गॅरेजात तशीच सोडलेली,
एक पाय लंगडा,
बैठकीच्या पोटाला पेन्सिलीनं १४
आणि कुणाचं तरी पुसट आद्याक्षर.

मी कॅलिपर लावला. साडेनऊ, वर केसभर.
आणि तोंडातून आपसूक निघालं,
तीन सूत.

किती वर्षांनी हा शब्द.
बाबा सांगलीच्या ओतशाळेत लाकडी साचे करायचे.
इंचात आठ सुतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ.
कुणाचं अर्धं सूत चुकलं की म्हणायचे,
लाकडानं थाप मारली
की लोखंड ती जन्मभर सांगत बसतं.
मला पटाशी कधी दिली नाही हातात.
धार जाईल, म्हणायचे.
बोटं जातील, असं नाही.

शेजारच्या मॉरीन प्यूझीला सांगितलं, कुंपणावरून.
तिचा नवरा चाळीस वर्षं खुर्च्यांचे पाय कातत होता.
ती आत गेली, बराच वेळ आलीच नाही.
मग बिस्किटांच्या डब्यातून काढून दिली
पोलादाची पट्टी, तळहाताएवढी, जड,
एका ओळीत पाच भोकं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत.
परत आणू नकोस, म्हणाली,
मी तिच्यावर गरम पातेली ठेवायचे.

ॲशचा ओंडका. तो कापायचा नाही, फोडायचा.
करवत आपल्या मनानं सरळ जाते,
कुऱ्हाडीला लाकडाच्या मनानं जावं लागतं.
चिरफळी निघाली की टोक तासायचं, पेन्सिलीसारखं,
पट्टीच्या भोकावर उभी धरायची
आणि वरून मोगरी.
पाच सूत. साडेचार. चार.
प्रत्येक भोकाखाली ढलप्यांचा घेर पडतो
आणि काठी अंग चोरत
खालच्या बादलीत उतरते.

पहिली मोडली. दुसरी मोडली.
तिसरी साडेतीनच्या भोकात अशी अडकली
की ती काढायला चौथी ठोकली, तीही अडकली.
त्या संध्याकाळी मी शिव्या दिल्या त्या मराठीत,
आणि दार लावून घेतलं.

मग कळलं, लाकूड ओलं होतं.

आठवडाभर चिरफळ्या बॉयलरच्या कपाटात,
टॉवेलांच्या घड्यांमध्ये.
ऋतानं आंघोळीला जाताना एक ओढून काढली.
आई, हे काय?
खुंट्या. तीन सुताच्या.
सूत म्हणजे धागा ना?
तेही.
तिनं ती नाकाशी नेली, परत ठेवली,
आणि टॉवेल मात्र दुसरा घेतला.

कोरड्या काठीचा आवाज वेगळा.
शेवटच्या भोकातून ती आली तेव्हा
बादलीत पडताना जवळजवळ वाजली.
सगळीकडून गोल नाही. एका बाजूला किंचित चपटी,
तिथे माझा हात तिरका झाला होता.
दुकानातलीला अशी बाजू नसते.

सरस लावला, ठोकली. ठक, ठक, ठक
आणि मग ठप्प,
तळाला टेकली की आवाजच सांगतो.
आता ती तिथली ओल पिईल, फुगेल,
भोकाला आवळून धरेल.
निदान पुस्तकी हिशेब तसा आहे.

मॉरीन येऊन बसली. हलली. पुन्हा हलली.
हा ठीक आहे, म्हणाली,
आता तो मागचा डावा बघ.

खुर्ची उलटी केली.
चौदाच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ३ सू.
पुढच्या माणसाला वाचता यायचं नाही.
मोजेल तो.