बावीस टिकल्या

डंडीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
मी तासाच्या दराने दुभाषी.
डॉक्टर रॅटरे विचारतात, कसं दुखतं?
दाबल्यासारखं, ठोकल्यासारखं, की टोचल्यासारखं?
तीन चौकटी, हातात पेन.

प्रमिलाबाई खरटमल खुर्चीच्या कडेवर :
भणभणतं.
कधी ठणकतं. डोळ्यामागून सणक येते.
परवा तर नुसतं जड,
ओलं घोंगडं डोक्यावर टाकून
कुणी विसरून गेल्यासारखं.

भणभणण्यात एक माशी आहे, एक बंद खोली आहे.
मी जवळचा शब्द देऊन टाकते.
पेन हलतं. माशी बाहेरच राहते.

एकाच बाजूला? हो, अर्धशिशीच ती, आईलाही होती.
उजेड सोसतो?
इथे उजेड कुठाय, बाई हसतात.
खिडकीत टे नदी राखाडी, तीन वाजताच दिवे.
किती वेळ टिकतं? चार तास ते बहात्तर,
या मापात बसलं तर त्याला नाव आहे.

नोंद ठेवायला वही दिली होती.
लिहायला चष्मा लागतो, चष्म्यानं डोकं दुखतं,
म्हणून पिशवीतून निघतं मासेवाल्याचं कॅलेंडर,
त्यावर टिकल्या.
मोठी मरून : अर्धं डोकं.
बारीक काळी : दिवसभर, पट्टा आवळल्यासारखं.
डॉक्टर बोट ठेवत मोजतात. बावीस.
पंधराच्या वर गेलं की नाव बदलतं.

आणि गोळ्या?
बाई माझ्याकडे बघतात.
रोज. सुनेला कळू देऊ नका,
तिला वाटेल, नातवाचा कंटाळा आला.
नियम असा की खोलीत बोललेलं सगळं पोचवायचं.
मी पोचवते, सुनेसकट.

अर्धशिशी आहेच, डॉक्टर म्हणतात,
पण तिच्यावर आता दुसरं बसलंय,
गोळ्यांनीच दुखणारं डोकं.
म्हणजे कुंपणच शेत खातंय, बाई म्हणतात.
हे सांगायला मला पाच वाक्यं लागतात.

आत काही वाढलं तर नाही ना?
नाही. ही प्रायमरी.
शाळेसारखी?
नाही हो. म्हणजे दुखण्यामागे दुसरं काही नाही,
दुखणं हेच मूळ.
बाई बराच वेळ नदीकडे बघतात.
मग कुणावर रागवायचं, असं काहीसं पुटपुटतात,
ते मात्र मला नीट ऐकू येत नाही.

नऊ तारखेची ही हिरवी? डॉक्टर विचारतात.
बाई वाकून बघतात. कपाळाला हात लावतात.
अगंबाई, ही दुखण्याची नाही,
माझीच पडली असेल झोपेत.

डॉक्टर बावीस खोडतात.
एकवीस लिहितात.