छत्तीस त्रेसष्ट छत्तीस

तोकाइ गावात, समुद्राकडच्या पाइनांच्या रांगेमागे
अणुभट्टी दहा वर्षं गप्प होती.
भूकंपात रस्त्याचे सांधे निसटले,
मग कागद आले, शिक्के आले, पुन्हा कागद.
तेवढा काळ हानावाबाईंनी वाढवलेला स्फटिक
सिलिका जेलच्या डबीत पडून राहिला,
करंगळीच्या दोन पेरांएवढा, काळा.

वाढवलेला म्हणजे अक्षरशः वाढवलेला.
चार दिव्यांच्या झोतात वितळलेला एक थेंब
वरच्या कांडीतून खालच्या कांडीत,
तासाला एक मिलिमीटर.
पाच रात्री त्या काचेशी बसल्या होत्या,
उतू जाणाऱ्या दुधापाशी उभं राहावं तशा.
ताणला तर थेंब तुटतो.
आता त्या वडिलांच्या शेडमध्ये
रताळी उकडून, कापून, वाळवून विकतात.
म्हणतात, इथेही घाई चालत नाही.

आज कुरामोचींनी तो स्फटिक
अ‍ॅल्युमिनियमच्या बोटावर बसवला,
चार केल्विनपर्यंत गार केला.
त्यांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरलेत.
जाड दार सरकलं, लाल दिवा लागला.

न्यूट्रॉनपाशी ना धन, ना ऋण.
कफल्लक, पण कुणाचं देणं नाही,
म्हणून त्याला कुणी दारात अडवत नाही.
कमरेला एक इवलासा चुंबक तेवढा,
त्याच्या भरवशावर तो चाचपत जातो
तांब्याच्या आळीतून.

त्या आळीत प्रत्येकाचा शेजाऱ्याशी
छत्तीसचा आकडा.
पण आकडा लिहीत जा, थांबू नका:
३६३६३६३६
तिनाची सहाला पाठ,
आणि त्याच सहाच्या पुढ्यात, तोंडाला तोंड लावून,
पुढचा तीन.
भांडण कुठून वाचायला घ्यायचं, एवढाच प्रश्न.

हानावाबाईंनी मुद्दाम स्ट्रॉन्शियम मिसळलं होतं.
शंभरातल्या बारा घरांतून
एकेक इलेक्ट्रॉन उठून गेला.
रांग हलली. तीन कुठे, सहा कुठे, धरवेना.
आणि तेव्हाच
(कसं ते अजून कुणी धडपणे सांगितलेलं नाही)
आळीतले जोडीजोडीने निघाले
आणि वीज कुठेही न अडखळता वाहू लागली.
जागा रिकामी झाल्याशिवाय हे होत नाही,
इतकंच कळलंय.

दर दहा मिनिटांनी एक आकडा.
चारशे एक. तीनशे अठ्ठ्याण्णव. चारशे सात.
ऐन मध्यावर, जिथे शिखर हवं, तिथे
चारशे.
कुरामोची गरम कॉफीचा डबा
न उघडताच दोन्ही तळव्यांत फिरवत राहिले.
चारशे मोजलेत तर वीसची चूक माफ असते.
मोजणारा कितीही प्रामाणिक असो,
वर्गमुळाएवढी चूक पदरात घ्यावीच लागते.

"काही नाही यात," नेमोतो म्हणाला.
पहिलंच वर्ष त्याचं. पुस्तकात वाचलं होतं सगळं,
पण रात्री तीन वाजता पुस्तक आठवत नाही.
"नमुना बदलू या?"

"थोडं बाजूला बघ."

स्फटिक वळला. एका अंशाहूनही कमी.
चारशे एकोणीस.
चारशे एकाहत्तर.
मग उतार, मग मधलं ते सपाट मैदान,
आणि पलीकडच्या अंगाला
चारशे सहासष्ट.
दोन टेकड्या. वीसच्या माफीत न मावणाऱ्या.
नेमोतोने खुर्ची पुढे ओढली
आणि नंतर तासभर काही बोलला नाही.

साडेपाचला कुरामोचींनी फोन लावला.
पलीकडे वाफेचा आवाज.
"दोन आहेत," ते म्हणाले.
"आणि मध्ये?"
"मध्ये काही नाही."
"मग नीट वाढलाय," बाई म्हणाल्या,
आणि फोन ठेवला.
रताळी गरम असतानाच सोलावी लागतात.