परिशिष्ट ड

अहवाल छापायला गेला.
अठ्ठेचाळीस पानं. मुखपृष्ठावर हसणारी माणसं,
त्यातलं एकही हल शहरातलं नाही;
फोटो विकत आणलेला, बारा पौंडांना.
पान तीनवर ठळक आकडा : तेराशे बारा.
इतक्यांचं म्हणणं आम्ही ऐकलं वर्षभरात.
मोजणारी मी.

जानेवारीत पहिली बैठक.
विषय : सर्वांना सामावून घेणं.
स्थळ : सेंट ऑस्विनचा हॉल,
दाराला तीन पायऱ्या.

डोरीन कॅपस्टिक चाकाच्या खुर्चीतून आली
आणि पायऱ्यांपाशी थांबली.
हंबरवरून वारा येत होता, ओला, मासळीच्या खवल्यांसारखा.
उचलून घेऊ का, आम्ही विचारलं.
मी काय बटाट्याचं पोतं आहे? ती म्हणाली.
मग दार सताड उघडं ठेवलं.
आत चाळीस जण कोटाच्या खिशात हात घालून कुडकुडले,
बाहेर ती, मांडीवर पर्स.
अर्धं ऐकू गेलं असेल, अर्धं वाऱ्याने नेलं.
मी तिच्या नावापुढे लिहिलं : उपस्थित.

मार्चमध्ये रंगीत चिठ्ठ्या.
पिवळ्यावर अडचण लिहा, हिरव्यावर स्वप्न.
विल्फ हार्करने पिवळ्यावर लिहिलं : चौदा नंबरची बस.
हिरव्यावर लिहिलं : चौदा नंबरची बस.
बंद झाली तेव्हापासून तो चालत जातो
बायकोला भेटायला, वृद्धाश्रमात.
तिला तो ओळखू येत नाही, पण बिस्किटं ओळखू येतात.
पूर्वी आइसलंडपर्यंत जायचो जाळी घेऊन, म्हणाला,
आता तीन मैल लांब पडतात.

रेबवार न्हावी म्हणाला, हॉलमध्ये कोण येणार,
माझ्याकडे या.
माणसाची मान एकदा खाली गेली की तो खरं बोलतो.
चार शनिवार मी तिथे केर काढला
आणि ऐकलं.
काळे, पांढरे, तांबूस केस एकाच सुपलीत.
(हे वाक्य कार्यालयाला फार आवडलं.
पान एकवीसवर टाकलं त्यांनी. मला आता लाज वाटते.)

जूनमध्ये अनुदानवाल्यांचं पत्र आलं :
सगळे आवाज पाच रकान्यांत बसवा.
विल्फ गेला दळणवळणात.
याद्विगा गेली ‘पोचायला कठीण’ या रकान्यात.
याद्विगा आमच्या कार्यालयासमोर राहते,
चिप्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला.
तिचा पडदा मला टेबलावरून दिसतो.
रात्रभर ती मासे डब्यांत भरते,
आणि आमच्या सगळ्या बैठका सकाळी अकराला.
एकदा जिन्यात गाठ पडली, तेव्हा म्हणाली,
तुम्ही मला सामावून घेता
तेव्हा मी झोपलेली असते.

ऑक्टोबर. सात पत्रं, दोन पाहण्या,
तेव्हा कुठे उतार झाला तीन पायऱ्यांवर.
फोटोवाला आला, नगरसेवक आले, फीत आली.
डोरीन उतारावरून वर गेली, कुणाचा हात न घेता.
हॉलभर एक फेरी मारली.
रेडिएटरला हात लावून पाहिला. थंड होता.
सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे.
स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन ती म्हणाली,
किटली फार वर ठेवलीय.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.
विल्फने किटली खाली ठेवली.

बस अजून ‘विचाराधीन’ आहे, पान चाळीस.
याद्विगासाठी एक बैठक रात्री नऊला घेतली,
कामावर जाण्याआधी; ती आली,
आणि आमच्यातले दोघे नाही आले, उशीर होतो म्हणून.

परिशिष्ट ड कुणी वाचत नाही,
म्हणून ते माझ्याकडे असतं.
शेवटच्या दिवशी, सगळे निघून गेल्यावर,
त्यात मी दोन ओळी घातल्या :
किटली खालच्या फळीवर हलवली.
जानेवारीची उपस्थिती : एक वजा करावी,
ती दाराबाहेर होती.