लघुतम माप

शनिवारी चार वाजता, एरंडवण्यातल्या शाळेत,
दुसऱ्या मजल्यावर माझा तास असतो.
दारावर कागद : प्रज्ञावंत मुलांसाठी समृद्धी वर्ग.
मी खडकीच्या कारखान्यातला टर्नर, चौतीस वर्षं लेथवर.
समृद्धी म्हटलं की मला आमच्या शेजारची सोसायटी आठवते,
तिथं पाणी एक दिवसाआड येतं.

अकरा मुलं, तिसरी-चौथीतली.
चाळणी परीक्षेतून आलीत, असं बाईंनी सांगितलं.
चाळणी म्हटली की मी आधी भोकं बघतो,
पण ते बोललो नाही.

प्रश्न संपायच्या आत हात वर, सगळ्यांचे.
म्हणून पहिल्या दिवशी प्रश्नच नाही विचारला.
मायक्रोमीटर ठेवला मध्ये.
"मिटवा, आणि वाचा."
मिटलेला, आत काही नाही,
तरी दोन रेघा दाखवत होता.
केतकी ढमढेरे खुदकन हसली,
"काका, हा खोटं बोलतो!"
बोलतो. पण रोज तेवढंच बोलतो,
म्हणून याच्यावर माझं घर चाललं.
वहीत आधी त्याची चूक लिहा,
मग आपलं माप.

मग केस. प्रत्येकानं आपापला उपटला,
वर्गभर आई गं, आई गं.
निषाद लुकतुके नेहमी पहिला. त्याला नऊ आले.
खात्रीसाठी परत केलं : आठ.
परत : साडेसहा.
दर वेळी आणखी पिळत होता, दात आवळून,
उत्तर आत लपलंय आणि दाबलं की बाहेर पडेल, असा.
चौथ्यांदा केस तुटला.
रडला तो. आवाज न करता,
चूक यायची सवय नसलेलं मूल रडतं तसा.
त्याचा अंगठा धरून मागची बारकी मूठ फिरवली.
टिक. टिक. टिक. आता थांब.
"याच्या पुढं गेलास तर केस मोजला जात नाही, बाळा,
तुझा जोर मोजला जातो."

खाली फाटकाशी स्कूटरवर टेकलेल्या आया
रोबोटिक्सच्या फीबद्दल बोलत होत्या.

पुढच्या शनिवारी तन्वीर मुजावर पुडी घेऊन आला.
आत त्याच्या बहिणीचे केस, अकीक्याचे,
आठवड्याच्या बाळाचे.
"आमच्यात याला जावळ म्हणतात," केतकी म्हणाली.
"अब्बांनी वजन केलं," तन्वीर सांगत होता,
"तेवढ्याची चांदी वाटली. जाडी कुणी बघितलीच नाही."

बघितली. टिक, टिक, टिक.
कधी पाच, कधी चार. चुकीचे दोन वजा.
मग तीन की दोन?
म्हटलं, त्याच्या मधलं याला दिसत नाही.
प्रत्येक यंत्राला एक लघुतम माप असतं.
"म्हणजे मध्ये काही नसतं?"
असतं रे. याला दिसत नाही.

कधी नव्हे ते कुणाचा हात वर नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.
निषादचा हात अर्धा उठला, खाली आला,
पुन्हा उठला.
"एकेक नको," तो सावकाश म्हणाला,
"शेजारी शेजारी लावू या. पट्टीवर. एका मिलिमीटरात किती मावतात ते मोजू, मग भागू."

चौतीस वर्षांत मला हे लेथवर सुचलं नव्हतं,
खरं तर गरज पडली नव्हती.
भिंग दिलं. पंखा बंद केला.
एप्रिलची दुपार, अकरा डोकी एका बाकावर,
तन्वीर ओल्या बोटानं एकेक केस उचलतो,
निषाद काडीनं तो सरळ करतो.
एक शिंक आली, सात केस गेले.
पुन्हा पहिल्यापासून.

साडेपाच. दारात आया.
कुणाचा बुद्धिबळाचा क्लास, कुणाचं पोहणं.
"झालं का रे?" निषादची आई.
त्यानं वर न बघता
तळहात तिच्याकडं उभा धरला,
दुसऱ्या हातात काडी,

"एकोणीस. कुणी श्वास सोडू नका."

ती दारातच उभी, ओठ मिटून,
हेल्मेट छातीशी.